शुक्रवारची कॅसेट

शुक्रवारच्या सुट्टीची प्रार्थना आटोपून बर्था सिस्टर चर्चमधून थेट जनाबिया भागातल्या व्हिलात ड्यूटीवर आली. बायकोच्या नोकरीपायी बहरीनला येऊन पडलेला तिचा पेशंट रॉस, एकेकाळी ऑस्ट्रेलियात गाजलेला फुटबॉलपटू, व्हीसीआरसमोर बसूनच होता. मैदानात डोक्याला मार लागल्यापासून त्याला काही आठवत नव्हतं. "जुनी मॅच दाखवत राहा, स्वतःची ओळख पटेल," असं डॉक्टर म्हणाले होते.

पडद्यावरचा पोरगा उंच बॉलवर नजर ठेवून मागे मागे धावत सुटला. रॉस खुर्चीतून ओरडला, "अरे, मागे बघ! मागे!"

पोरगा दर शुक्रवारसारखाच मागून येणाऱ्या खेळाडूवर आदळला. स्ट्रेचर आलं.

रॉस रडवेला झाला. "सिस्टर, त्या पोराचं पुढे काय झालं?"



बर्थाने त्याच पोराच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "बरा झाला, सर. घरी गेला."