लाल टाका

"अगं बाई, ती हॅट उलटी ठेवलीस! पीस कानामागे हवं, कपाळावर नव्हे," सगुणाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"आजी, काचेला हात नका लावू." प्रदर्शन मांडणारी ऋजुता हसली. "कंपनीची सत्तर वर्षांची परंपरा आहे ही. सगळ्या हॅट्स मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातांनी शिवल्यात."

सगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. साहेबांना धड सुईत दोरा ओवता येत नव्हता! कारखान्यात बसून एकतीस वर्षं या हॅट्स सगुणाबाईंनीच शिवल्या होत्या. नाव मात्र साहेबांचंच व्हायचं, म्हणून प्रत्येक हॅटच्या अस्तरात त्या गुपचूप एक लाल टाका घालायच्या.

"अस्तर उलटून बघ. आत लाल टाका असेल. तो माझा."

ऋजुताचा चेहरा उतरला. "तो... आम्हाला वाटलं, कुणीतरी चुकून घातलाय. साफसफाईत ते टाके उसवून टाकले."

"सगळे?"

"सगळे. दोनशे चौदा."

सगुणाबाई धुसफुसत स्टुलावर बसल्या. चष्मा पुसून त्यांनी पिशवीतून सुई आणि लाल दोरा काढला.

"बघत काय उभी राहिलीस? आण एकेक. आणि आधी ती उलटी ठेवलेली आण."