भेंडीची खाज

मशीनने जयवंताबाईंचा अंगठा तिसऱ्यांदाही घेतला नाही. मग एकेक करून बाकीची बोटं टेकवून झाली. नखांच्या कडा सुजून लालभडक झालेल्या, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

"बोटं बरी करून आणा," रजिस्ट्रीचा बाबू म्हणाला. "असा ठसा चालत नाही."

मनोजने कपाळाला हात लावला. भातकुलीचं दोन एकर वावर आईच्या नावावर होतं. बक्षीसपत्र होऊन ते त्याच्या नावावर आलं की जमिनीचा धंदा करणारे उत्तमराव प्लॉट पाडायला विकत घेणार होते, आणि अकोल्याला जठारपेठेत मनोजचं स्वतःचं दुकान होणार होतं. आई तर पहिल्याच शब्दाला राजी झाली होती. "तुयंच हाय बापा सारं," एवढंच म्हणाली. अशी आई मिळायला नशीब लागतं, असं तो बायकोला, रागिणीला, ऐकवायचा.

तिथून त्याने आईला थेट अमरावतीला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं.

"बोटांना काय लावता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

जयवंताबाईंनी बटव्यातून ट्यूब काढली. "भेंडी तोडली का खाज सुटते. हे लावलं का थांबते."

"मावशी, ही स्टेरॉइडची ट्यूब आहे. खाज दबते, पण रोज लावली तर कातडी पातळ होते, नखाच्या कडेनं जंतू शिरतात. सूज बहुतेक हिच्यामुळेच आहे. ही बंद करा. आणि भेंडी तोडताना बोटांना चिंध्या बांधा."

"अन् लावत रायली तं?"

"बोटं बरीच होणार नाहीत."

जयवंताबाई घाबरल्याशा दिसल्या. "नाव लिहून द्या बाई हिचं. मले वाचता येत नाई. दुकानात चुकून हेच घेऊन बसीन."

डॉक्टरबाईंना कौतुक वाटलं. त्यांनी चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं आणि बोट ठेवून दाखवलं. "हे वर ट्यूबचं नाव. हे खाली, 'लावू नये.'"

मनोजने ती ट्यूब तिथेच कचऱ्यात टाकली. भेंडी तोडायला बाई लावली. दर रविवारी अकोल्याहून येऊन आईच्या बोटांना स्वतः मलम लावायचा. आईही हात पुढे करून गुमान बसायची.

तरी सूज हटेना. रजिस्ट्रीची दुसरी तारीखही ठशावाचून गेली. मनोजने आधी भांडी घासायच्या पावडरीला दोष दिला, मग बोअरच्या पाण्याला. रागिणीने मीठ-मोहऱ्यांनी नजर उतरवली. उत्तमरावांनी निरोप धाडला की येत्या शुक्रवारी ठसा झाला नाही तर ते दुसरीकडे जमीन पाहतील.

शुक्रवारी सकाळी आई तयार होऊन ओसरीवर बसली होती. बोटं टम्म फुगलेली.

"लय दुखते काय माय?" मनोजचा जीव कळवळला.

"मरू दे. चाल, उशीर होईन."

तो आधार कार्ड आणायला आत गेला. आईच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, त्याच्या हाताला एक पुरचुंडी लागली. सोडली तर आत चार ट्यूबा, बुडापासून गुंडाळत पिळून रिकाम्या केलेल्या. पाचवी अर्धी.

मनोजने पाचवी उजेडात धरली. डॉक्टरबाईंनी बंद केलेली तीच ट्यूब.

"सापडलं काय रे?" ओसरीवरून आईने विचारलं.

पुरचुंडीचा कागद त्याने उलगडला. डॉक्टरबाईंची चिठ्ठी होती. वर ट्यूबचं नाव तसंच होतं. खालची ओळ घडी घालून सरळ फाडून टाकली होती.