तळघरातली घरघर

मायकेनने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिने आधी तळघरातल्या बाकावरच्या स्कोपच्या झाकणावर तळहात ठेवला. झाकण गरम होतं.

"हा कधीपासून चालू आहे?"

"सकाळपासून," स्कोप विकायला काढलेला फोल्के म्हणाला. "तापल्याशिवाय ही यंत्रं खरं बोलत नाहीत म्हणतात ना. तुम्हाला ताटकळायला नको म्हणून लावून ठेवला."

मायकेनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जुनी मोटार विकणारा इंजिन गरम करून ठेवतो, तो काही गिऱ्हाइकाच्या प्रेमापोटी नव्हे. गार यंत्र सुरूच होत नसेल, तर ते झाकायला याहून सोपा उपाय नाही.

दुधाने तिचं तोंड आधीच पोळलं होतं. ती एका संग्रहालयासाठी जुन्या कॉम्प्युटरचे मॉनिटर दुरुस्त करायची, काळ्यावर हिरवी अक्षरं उमटवणारे, मागे पोट सुटलेले. विजेचा दाब रेघेने दाखवणाऱ्या स्कोपशिवाय त्या कामात माणूस आंधळा. असाच एक तापवून दाखवलेला स्कोप तिने एका बाजारातून आणला, त्याच्या रेघेवर विसंबून दाब वाढवला आणि संग्रहालयाची पिक्चर ट्यूब जाळली. आता तसली एकच ट्यूब उरली होती. तीही गेली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि मायकेनच्या हातात पुन्हा कोणी मॉनिटर देणार नव्हतं.

रेघ मात्र झकास होती, बारीक आणि स्थिर. मागचा पंखा एका सुरात घरघरत होता. भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली होती, पण त्यातल्या एकाचंही नाव फोल्केला धड सांगता येत नव्हतं. शिवाय आत आल्याबरोबर त्याने दार ओढून घेतलं होतं आणि बोलत होता तेही दबक्या आवाजात. हे सगळं याचं नव्हेच, मायकेनला वाटलं. मग कोणाचं?

"बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"स्कोप. गार होऊ दे. मग माझ्यासमोर चालू करा."

"अहो, चांगला चाललाय की! हवं तर किंमत अजून कमी करतो."

हे ऐकल्यावर तर तिची खात्रीच पटली. "किंमत कमी करायला तुम्हाला क्षणभर लागला नाही," ती म्हणाली. "आणि एक बटण दाबायला एवढा विचार?"

फोल्केने कपाळ पुसलं. मग बाकाखालून एक टेबलपंखा काढून लावला. बाहेर गुडघाभर बर्फ, मायकेन दाराशी बूट काढून नुसत्या मोज्यांवर गारठलेली, आणि हा माणूस पंखा लावतोय! पंखा घरघरायला लागला तसं त्याने बटण दाबून स्कोप बंद केला.

"वारा घालून लवकर गार करताय होय? मला काय दुधखुळी समजलात?"

फोल्केने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात डोक्यावरच्या फळ्यांवर काठीचे ठोके पडले.

"फोल्के! तो पंखा कसला लावलास?" आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत.

"माझी बायको, गुनेल," फोल्के कुजबुजला. "हे सगळं तिचंच. पाय गेल्यापासून तिला खाली उतरवत नाही. वसंतात आम्ही छोट्या फ्लॅटमध्ये जाणार, तिथे एवढं सामान ठेवू कुठे? पण ती विकू द्यायची नाही. रोज सकाळी मी हा चालू करतो. वर घरघर ऐकू आली की तिला बरं वाटतं. तुम्ही नेलात की हा पंखा लावत जाणार होतो. कृपा करा, तिला काही बोलू नका."

म्हणजे फसवणूक चाललीच होती. मायकेनला वास बरोबर आला होता, फसणारी तेवढी दुसरी निघाली.

"कोण आलंय?" काठी पुन्हा वाजली.

"कोणी नाही गं!"

"मग कुजबुजतोयस कोणाशी? पंख्याशी?"

मायकेन गप्प राहिली असती तर स्कोप स्वस्तात तिच्या गाडीत गेला असता. तिला फोल्केची कीव आली, आणि रागही आला. इतका वेळ त्याच्यावर डोळे वटारून आता त्याच्याच खोट्यात सामील व्हायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"मी आलेय, गुनेलबाई," तिने वर तोंड करून आवाज दिला. "स्कोप विकत घ्यायला."

फोल्के बाकाला धरून उभा राहिला.

"बंद कोणी करायला लावला?" वरून विचारणा झाली.

"मी. गरम होता म्हणून."

"फोल्के आपणहून नाही?"

"नाही. ते तयारच नव्हते."

वरचा आवाज आता जरा घोगरा झाला. "गार असताना त्याची रेघ खाली राहते. चालू केल्यावर वर जागेवर यायला बराच वेळ घेते. त्याआधी मोजलंस तर ट्यूब जाळशील, पोरी. पुरता गार होऊ दे, मग लाव, आणि रेघ वर येईपर्यंत तिथून हलू नकोस. एवढा धीर असेल तरच ने."

"थांबेन मी."

"असं सगळेच म्हणतात," गुनेल म्हणाली. "फोल्के, आधी तो पंखा बंद कर. ही किती वेळ थांबते ते मला ऐकायचंय."

फोल्केने पंखा बंद केला. मायकेनने कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली नाही. वर ऐकू जाईल अशी फरशीवरून खरडत ओढली, आणि बसली.