फोन मशीनजवळ

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये भिवाने मोबाइल मशीनच्या पॅनेलवर टेकवून ठेवला आणि इकडे मोशीत, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मंजुषाने इअरफोन कानात खुपसले.

"चालू करलालोय मॅडम."

"करा. स्पीड निम्म्यावर ठेवा. आणि तिथून हलू नका."

प्रोग्राम तिने लिहिला होता, तीन दिवस खपून. त्याबरहुकूम मशीन लोखंडाचा ठोकळा कापणार होतं. हा पहिला पीस नीट निघाला तरच पुढचे तीनशे. मागच्या खेपेला ऐन वेळी गॅसवाला दारात उभा राहिला, ही दार उघडायला गेली आणि पीस वाया गेला. मालक अर्जुनराव तेव्हा रागावले नव्हते. शांतपणे म्हणाले होते, "पुन्हा असं झालं तर इथंच कोणीतरी बसवावं लागेल, मॅडम. घर ते घरच." रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून आज तिने कडेकोट बंदोबस्त केला होता. बेल बंद, कुकर आधीच उतरवलेला. शेजारची तेजस्विनी 'तू काय, घरीच असतेस' म्हणत किल्ली, पार्सल, दुधाची पिशवी असं काही ना काही टेकवून जायची. तिला सकाळीच सांगून टाकलं होतं की आज मी घरी नाही. खोटं बोलल्याचं मंजुषाला काही वाटलं नाही. नवरा चाकणला कंपनीत जातो, त्याला कोणी दुपारी भाजी निवडायला हाक मारत नाही.

राहता राहिल्या सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शालनबाई वॉकर धरून चालायच्या, पण एकदा बसल्या की उठवायला कोणीतरी लागायचं. त्यांच्यापुढे तिने अक्षरशः हात जोडले होते. "आई, एक तास मला हाक मारू नका."

"न्हाई मारत," शालनबाई म्हणाल्या होत्या. पस्तीस मिनिटं त्यांनी शब्द पाळलाही.

मंजुषा डोळे मिटून ऐकत होती. कटरचा एकसुरी आवाज, त्याला गार ठेवायला वरून पडणाऱ्या कूलंटच्या पाण्याची सळसळ. कंपनीत सात वर्षं ती मशीनशेजारी उभी राहिली होती. कटरचं बरं चाललंय की नाही, ते तिला आवाजावरून कळायचं. आता घरी, दिवसभरात तिच्या कानावर पडणारा कामाचा आवाज एवढाच होता.

"मंजे! अगं मंजे!" बाथरूममधून हाक आली.

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"मंजे, उठता येईना गं मला!"

मंजुषा उठली. फोन गाऊनच्या खिशात टाकला, एक इअरफोन काढला, दुसरा तसाच ठेवला. बाथरूमचं दार ढकलून ती वाकली. शालनबाईंनी तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी घातली. कंबरेत कळ आली, तरी तिने त्यांना निम्म्यापर्यंत उचललं, आणि तेवढ्यात कानातली सळसळ थांबली. आवाज कोरडा झाला.

"थांबवा! भिवा, मशीन बंद करा! बंद करा!"

शालनबाई दचकून पुन्हा मटकन खाली बसल्या. "बाई गं! म्या काय केलं?"

कानात सगळं शांत झालं. मग भिवाचा धापा टाकणारा आवाज आला. "मॅडम, कूलंटचा पाइप सटकला हुता बघा. मी शेजारच्या मशीनवर जॉब लावाया गेल्तो. धूर निघालता. अजून एक मिनिट गेलं असतं तर पीस गेला असता, कटरबी गेला असता."

"हलू नका म्हणाले होते मी."

"चुकलं मॅडम. पर तुमाला तिकडनं कसं काय कळलं? आन् तुमचा आवाज लई घुमलालाय. मोठ्या ऑफिसात बसलाय वाटतं?"

मंजुषाने बादलीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आपल्याकडे घाबरून बघणाऱ्या सासूकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "पाइप बसवा आणि पुढे चालवा."

मग तिने शालनबाईंना उठवून बाहेर टेबलाशी आणून बसवलं. पीस निघाला. भिवाने मापं वाचून दाखवली, सगळी बरोबर होती. "साहेबांनी पुढचे लावाया सांगितलंय," तो म्हणाला. मागे जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला. मशिनं एकेक करून बंद पडली. कोणीतरी हसलं, डब्यांची झाकणं वाजली, मिरची कोणी दिली म्हणून एक जण ओरडला.

"ठेवू का फोन, मॅडम?"

मंजुषाला आनंद व्हायला हवा होता. पण ती फार थकली होती, आणि आता संध्याकाळपर्यंत कोणाचाही फोन येणार नव्हता.

"ठेवू नका. राहू द्या तिथंच."

"आता काय काम न्हाई मॅडम. जेवाया बसलालो आमी."

"माहितीये. राहू द्या."

मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, आणि डब्यांचा आवाज एकदम जवळ आला.

तिने कानातला इअरफोन काढला, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि दोन ताटं वाढली. शालनबाई कान देऊन ऐकू लागल्या.

"कोन आलंय गं?"

"कोणी नाही, आई. वर्कशॉपमधली माणसं जेवतायत."

चार-पाच घास झाले, तशी शालनबाईंनी आपलं ताट हळूच फोनकडे सरकवलं.

"जरा मोठा कर," त्या म्हणाल्या.