भोंगा वाजला नाही

पंप बंद पडला तेव्हा सुरुंगाची बारा भोकं भरून झाली होती. दुपारचे साडेबारा वाजले होते. लाईट गेली होती, आठवड्यात चौथ्यांदा.

धूलकोट रस्त्यावरची ही दगडाची खाण सिंधीपुऱ्यातल्या विनायकरावांची. मोठ्या हौसेने त्यांनी इथे वीज आणली, आणि वीज तेव्हापासून पाहुणीसारखी येत-जात राहिली. तक्रार करायची तरी कुठे? वर्षापूर्वी राज्य बदललं, राजधानी म्हणून नागपूर सुटलं, भोपाळ आलं. नागपूरने अर्ज भोपाळला पाठवला म्हणे, भोपाळने तो अजून उघडलाही नव्हता. विनायकरावांनी आशाच सोडली होती.

पंप थांबला की कपारींतलं पाणी तळात चढायचं. गेल्या महिन्यात मोटर बुडाली आणि खाण सोळा दिवस बंद राहिली. चाळीस घरांनी ते सोळा दिवस कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. म्हणून आज लाईट जाताच विनायकरावांनी खाणमजूर सुकलालला पिटाळलं.

"मोटर वर काढ रे सुकलाल! आता बुडाली तं खाण संपली समज."

ते स्वतः सायकल दामटत वीजघराकडे पळाले. सुकलाल आणि त्याचा जोडीदार गोटू दोर घेऊन तळात उतरले. बार उडताना बायकांनी थांबायचं एक लांबचं टेकाड होतं, तिथून तळ दिसायचा. सुकलालची बायको सरुबाई तिथे उभी राहिली. भरलेल्या सुरुंगांशेजारी नवरा वाकलेला कोणत्या बाईला बघवेल?

दुसऱ्या बाजूला, दगडांच्या ढिगाऱ्याआड सुरुंगाचा मिस्त्री तारा जोडत होता. ग्वाल्हेरकडचा माणूस, दोन महिन्यांपूर्वी आलेला, कामाला चोख. कोणी खाणीत उतरलंय हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. त्याला घोर होता तो पाण्याचा. दारू भिजली तर न उडालेले सुरुंग हाताने उकरावे लागणार, आणि ते मरणाचं काम. बार आत्ताच उडवायला हवा.

एरवी तीनदा भोंगा वाजायचा, माणसं वर यायची, मग बार. पण भोंगाही विजेवरचा. बार उडवायची पेटी तेवढी हाताने फिरवायची. अख्ख्या खाणीत तिलाच लाईट लागत नव्हती.

ढिगाऱ्याआडून मिस्त्रीला तळ दिसेना, टेकाडावरची सरुबाई तेवढी दिसली. त्याने तोंडाशी हात धरून हाक मारली, "बाई! खदान?"

सरुबाईच्या जिवात जीव आला. हा खाणीत कोणी आहे का विचारतोय, म्हणजे आता थांबेल. बाजारात ती हिंदी बोलायची, पण घाबरलेल्या माणसाला आपलीच बोली सुचते. ती दोन्ही हात हलवत जीव तोडून ओरडली, "खाली! खाली!"

मिस्त्रीचा चेहरा सैल झाला. त्याच्या मुलखात खाली म्हणजे रिकामी.

"खाली है? चलो, अच्छा हुआ," तो म्हणाला, आणि त्याने पेटीची दांडी फिरवली.