मागची सीट

"हॉर्न, दिवे ठीक आहेत. आता मागं कुणाला तरी बसवा, ब्रेक बघू," आरटीओचा इन्स्पेक्टर म्हणाला.

नोंदणीची मुदत वाढवून घ्यायला पिंगळेकाका जुनी स्कूटर घेऊन एकटेच आले होते. "माझ्याबरोबर कुणी नाही, साहेब."

"मग मीच बसतो."

इन्स्पेक्टरनं मागं बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकू गेल्यापासून त्या खांद्याला कुणाचा हात लागला नव्हता. काका सावकाश मैदानाच्या टोकापर्यंत गेले आणि त्यांनी ब्रेक दाबला. स्कूटर जागच्या जागी थांबली.

"पास," म्हणत इन्स्पेक्टर उतरू लागला.

"साहेब, आणखी एकदा बघता का?"

"ब्रेक उत्तम आहे, काका."

"तरीपण." काकांनी मागं वळून पाहिलं नाही.

इन्स्पेक्टर घुटमळला, मग पुन्हा नीट बसला. "चला, गेटपर्यंत जाऊन येऊ."