भिंतीच्या फटींतला समुद्र

“आजी, पुन्हा कोणीतरी दगड हलवलाय!” ओलाव भिंतीपाशी उभा राहून ओरडला.

“वारा असेल,” गिलन्यो आजी शिंपल्यांची पेज ढवळत म्हणाली.

“एवढा धोंडा वाऱ्याने हलतो?”

“हे जेजू बेट आहे, चित्रकारबुवा. इथे वाऱ्याने माणसंसुद्धा हलतात. तुम्ही नाही का नॉर्वेहून येऊन पडलात?”

ओलाव कोरियातल्या या बेटावर, तिच्या परसातल्या खोलीत भाड्याने राहायला आला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आल्या दिवशीच त्याने सांगून टाकलं होतं: काळ्या दगडांची ही भिंत आणि तिच्या फटीफटींतून दिसणारा समुद्र, एवढं एक चित्र पुरं झालं की तो बहिणीकडे परत जाणार. माणूस शब्दाचा पक्का, आणि नजरेचा त्याहून. एक दगड बोटभर सरकला तरी फट बदलते, फटीतला समुद्र बदलतो. मग तो चित्र खरवडायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

हे ध्यानात आल्यापासून आजी अधूनमधून पहाटे, शिंपले काढायला समुद्रात बुडी मारायला जाताना, एक दगड गुपचूप सरकवून ठेवी. मुलगा तिकडे जपानात, ओसाकाला. तिच्या पेजेला नावं ठेवणारं घरात हे एवढंच माणूस. तेही गेलं तर भांडायचं कोणाशी?

या वेळी मात्र दगडाबरोबर आजीही घसरली. मनगट मोडलं. “शेवाळावरून पाय घसरला,” असं सगळ्यांना सांगून ती शहरातल्या हॉस्पिटलात पडून राहिली.

ओलाव रोज बस धरून यायचा. हॉस्पिटलची पेज तिच्या पेजेपेक्षा बरी असते, असं सांगून जायचा. चित्र कुठवर आलं विचारलं, की “होतंय, होतंय.”

दहाव्या दिवशी तो आला नाही. अकराव्याही नाही. आजी समजून चुकली. दहा दिवस भिंत जागची हलली नव्हती. चित्र झालं असणार.

बाराव्या दिवशी शेजारची सुकजा संत्री घेऊन आली.

“गेला ना गं?” आजीने खिडकीकडे तोंड करून विचारलं.

“कोण?”

“आमचा चित्रकार. न भेटता गेला मेला.”

“कुठे जातोय! कंबर धरून आडवा पडलाय. पहाटे तुझ्या भिंतीवरचा धोंडा सरकवायला गेला होता. मी म्हटलं, अहो, हे काय वय आहे? तर म्हणतो कसा, आजी घरी येईपर्यंत हे काम मलाच बघायला हवं.”